हिवराळ्यांच्या लेण्यातला उजेड

राजानंद हिवराळे हा माणूस खडखड ऐकायचा पगार घेतो. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात त्याच्या खात्याचं कामच ते आहे. नवी गाडी तयार झाली की हा तिच्यात जाऊन बसतो, डोळे मिटतो, आणि थोड्या वेळानं सांगतो की डॅशबोर्डच्या आत डावीकडे एक क्लिप सैल आहे. मग चार जण मिळून डॅशबोर्ड उघडतात आणि डावीकडे एक क्लिप सैल असते. आवाजांसाठी जर्मन भाषेत जेवढे शब्द आहेत तेवढे सगळे त्याला येतात. क्लापर्न म्हणजे खडखडणं, क्नार्झन म्हणजे करकरणं, क्वीचन म्हणजे कुईकुई करणं. बाकीचं जर्मन त्याच्याकडे बेताचंच आहे. तरी घरमालकाशी त्याचं उत्तम जमतं, कारण घरमालकाशी बोलायची वेळ येते ती दार करकरल्यावरच.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी त्याचा मला फोन आला. "मी ग्रोटं जॉइन केलंय," तो म्हणाला.

मला ऐकू आलं घरटं. पन्नाशीला आलेला माणूस, घर आहे, यामिनीसारखी बायको आहे, अन्वी नावाची मुलगी कॉलेजला दुसऱ्या गावी गेली आहे, आता याला कसलं घरटं हवंय, असं मनात आलं. मी काळजीनं विचारलं, "यामिनीला माहितीये का?"

"ती बरोबरच आहे," तो म्हणाला. "ग्रोटं म्हणजे गुहा. एका ग्राफची."

ग्राफ म्हणजे इथला जहागीरदार. आमच्या गावापासून गाडीनं अर्ध्या तासावर आयशेनरोड नावाची जहागिरी आहे. मोठं घर, घोड्यांचा रिकामा तबेला, सफरचंदांची झाडं आणि मागच्या अंगाला एक तळं. अडीचशे वर्षांपूर्वी तिथला एक ग्राफ इटलीला जाऊन आला. तिथे त्यानं गुहा पाहिल्या. परत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे सगळं आहे, पण गुहा एकही नाही. डोंगरही नव्हता, त्यामुळे गुहा खोदण्याची सोय नव्हती. त्यानं ती बांधूनच घेतली. तळ्याच्या काठी, दक्षिणेला तोंड करून, बाहेरून ओबडधोबड दगडांची. आतून मात्र भिंती आणि छत शिंपल्यांनी, शंखांनी, काचेच्या आणि आरशांच्या तुकड्यांनी मढवलेलं, खाली काळ्यापांढऱ्या गोट्यांची नक्षी, आणि समोरच्या कोनाड्यात दाढीवाला समुद्रदेव. समुद्र तिथून सहाशे किलोमीटर आहे.

हल्ली या गुहेची देखभाल एक फेराइन करतं. फेराइन म्हणजे मंडळ, पण आपल्या मंडळात आणि त्यात फरक असा की तिथे सभेचं इतिवृत्त सभेनंतर खरोखर लिहितात. राजानंदनं तिथे अर्ज केला तेव्हा त्याला उत्तर आलं की आपल्याला 'एरेनआम्ट' देण्यात येत आहे. एरं म्हणजे मान, आम्ट म्हणजे पद. मानाचं पद. पहिल्या शनिवारी हा सूट घालून आणि टाय लावून गेला. यामिनीनं पेढे करून दिले होते. तिथे हेर ऑक्स नावाच्या एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्यानं त्याला आपादमस्तक पाहिलं आणि त्याच्या हातात पानं गोळा करायचं दाताळं दिलं. एरेनआम्ट म्हणजे फुकट काम, हे त्याला साडेबारा वाजता कळलं. तोपर्यंत निम्मा बगिचा झाडून झाला होता. पेढे हेर ऑक्सनी खाल्ले, सात.

हेर म्हणजे श्रीयुत, ऑक्स म्हणजे बैल. नाव जन्मानं मिळालेलं, पण त्यांनी ते वागण्यानं जपलं होतं. गुहेची किल्ली गेली एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होती. गुहेबाहेर एका स्टुलावर ते बसायचे, कमरेला किल्ली, मांडीवर वर्तमानपत्र, आणि कोण येतंय याकडे न बघता सगळं बघायचे.

राजानंदनं अर्ज का केला याचं कारण हे स्टूल आहे. पहिल्यांदा तिथे फिरायला गेला तेव्हा त्यानं गुहा पाहिलीच नाही, तो त्या स्टुलावरच्या माणसाकडे बघत राहिला. त्याचे वडील असेच बसायचे.

राजानंदचे वडील पुरातत्त्व खात्यात अटेंडंट होते. औरंगाबादेच्या बाजूच्या लेण्यांवर एकतीस वर्षं. सकाळी सायकलवरून जायचं, दार उघडायचं, झाडायचं, संध्याकाळी कुलूप लावायचं. यात्रेकरू आले, परदेशी पाहुणे आले की त्यांच्याबरोबर लायसनवाला गाइड यायचा. गाइड इंग्रजीत बोलायचा. वडील बाहेर उन्हात उभं राहून पत्र्याचा मोठा आरसा धरायचे आणि ऊन आत पाठवायचे. आत दुसरा कुणीतरी पांढरं कापड ताणून धरायचा, त्यावर ऊन पडलं की मऊ उजेड सगळ्या लेण्यात पसरायचा. गाइड सांगायचा ती एकूण एक गोष्ट वडिलांना येत होती, गाइड चुकायचा तेही त्यांना कळायचं. रात्री जेवताना ते घरी बरोबर करून सांगायचे. पण लेण्यात कधी बोलले नाहीत. बोलायचं लायसन गाइडकडे होतं.

"आमच्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं," राजानंद एकदा मला म्हणाला, "बोलायला परवानगी तेवढी कुणाला नव्हती."

म्हणून त्याला आयशेनरोडच्या गुहेत गाइड व्हायचं होतं. पानं गोळा करायला त्याची ना नव्हती, तीन वर्षं त्यानं ती गोळा केली. पण खिशाला फेराइनचा बिल्ला लावून, आत उभं राहून, चार माणसांना काहीतरी सांगायचं होतं. त्यासाठी परीक्षा असते. दहा तरी प्रेक्षक जमवायचे, त्यांना गुहा दाखवायची, आणि फेराइनच्या अध्यक्ष फ्राउ डॉक्टर हिलंब्रांट, म्हणजे डॉक्टर हिलंब्रांट बाई, हातात कागद घेऊन मागे उभ्या राहतात. कागदावर तेवीस सक्तीचे मुद्दे असतात. परीक्षा दोनदाच देता येते.

पहिल्यांदा तो जूनमध्ये बसला. चौदा पानं पाठ केली होती. पंचावन्न मिनिटं बोलला, तेवीसच्या तेवीस मुद्दे घेतले, तेही क्रमानं. पण त्याला जर्मन येतं ते चाचणी अहवालांचं. समुद्रदेवाबद्दल त्यानं सांगितलं की ही आकृती तिच्या जागी घट्ट बसलेली असून तिच्यात सैलपणा आढळत नाही. एका बाईंनी विचारलं की इथे उभं राहिल्यावर तुम्हाला काय वाटतं. तो थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "जाणवण्याजोगी खडखड नाही." चाळिसाव्या मिनिटाला दोघं जण कॉफी प्यायला गेले ते आलेच नाहीत. फ्राउ डॉक्टर हिलंब्रांटनी शेवटी हात मिळवून सांगितलं, "हेर हिवराले, माहिती अगदी अचूक होती." जर्मनीत बरीच वर्षं राहिलेल्या माणसाला यापुढचं वाक्य ऐकावं लागत नाही.

दुसरी आणि शेवटची परीक्षा सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी होती.

मधल्या काळात, जुलैमध्ये, त्याची आई आली. मीराबाई. वय अठ्ठ्याहत्तर, तीन महिन्यांचा व्हिसा, पहिलाच विमानप्रवास. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर उतरल्यापासून त्यांनी इथल्या गोष्टींना नावं ठेवली नाहीत आणि कौतुकही केलं नाही. बघायच्या आणि "बरं" म्हणायच्या. त्या आल्यावर घरात एकच बदल झाला. एरवी नवऱ्याला राजा म्हणणारी यामिनी एकदम "अहो" वर आली, आणि पहिले चार दिवस राजानंदला कळेचना की ती कुणाशी बोलते आहे.

आईला फोनवर सांगताना राजानंदनं ग्रोटं हा शब्द कधी वापरला नव्हता. कसा वापरणार? बांधलेली गुहा, शिंपले लावलेली, राहायला नाही, पूजेला नाही, नुसती बागेत ठेवायला, हे औरंगाबादेला फोनवर कसं समजावणार? तो सरळ म्हणायचा, "आई, मी इथं एका लेण्यावर जातो शनिवारी. बाबांसारखा." मीराबाई म्हणायच्या, "बरं."

त्यामुळे परीक्षेच्या सकाळी आम्ही सगळे आयशेनरोडच्या पार्किंगमध्ये जमलो तेव्हा मीराबाई विहारात जायची पांढरीशुभ्र साडी नेसून गाडीतून उतरल्या. हातात पिशवी, तिच्यात मेणबत्त्या, अगरबत्त्यांचा पुडा, काडेपेटी आणि यामिनीच्या बाल्कनीतली पांढरी फुलं.

राजानंदनं पिशवीत डोकावून पाहिलं. मग तो यामिनीला हळूच म्हणाला, "तू सांगितलं नाहीस?"

"मी काय सांगू? लेणं तुम्ही म्हणालात."

आम्ही प्रेक्षक म्हणून अकरा जण होतो. त्यातले आठ मराठी, कारण दहाची अट होती आणि राजानंदला ओळखणारे जर्मन लोक बहुतेक त्याच्याच खात्यात आहेत, ते सुट्टीच्या दिवशी शांतता शोधतात. उरलेले तिघे म्हणजे त्याचा घरमालक, घरमालकाची बायको आणि चुकून आलेला एक सायकलवाला. कायझर्सलाउटर्नहून सत्यजित नावाचा एक संशोधक गाडी घेऊन आला होता, त्याला राजानंदनं तीन संभाव्य प्रश्न पाठ करायला दिले होते.

गुहेच्या तोंडाशी हेर ऑक्स उभे होते. त्यांनी कुलूप काढलं, आणि त्यांचं लक्ष मीराबाईंच्या हातातल्या काडेपेटीकडे गेलं. बाजूला पाटी होती, 'ऑफनेस लिश्ट फरबोटन', उघड्या ज्योतीला मनाई. त्यांनी पाटीवर बोट ठेवलं. मीराबाईंनी ते बोट बघितलं, काडेपेटी पिशवीत टाकली, पिशवी यामिनीकडे दिली. मग त्यांनी दाराशी चपला काढल्या.

लेण्यात चपला घालून कोण जातं? आम्ही आठही जणांनी बूट काढले. इतके बूट एका ओळीत बघून घरमालकानं काढले, त्याच्या बायकोनं काढले, आणि सायकलवाल्यानं त्याचे खिळ्यांचे बूट काढले तेव्हा हेर ऑक्स खाली वाकून ते बूट बघत राहिले. आतल्या गोट्यांची नक्षी एकोणीस वर्षं ते मऊ झाडूनं झाडत होते. फ्राउ डॉक्टर हिलंब्रांट थोडा वेळ थांबल्या आणि त्यांनीही काढले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. तेवीस मुद्द्यांत बूट कुठे बसले असतील देव जाणे.

आत अंधार. विजेची तार आत न्यायला स्मारक खात्याची परवानगी नाही, दिव्यांनी शेवाळ धरतं म्हणून दिवेही नाहीत. फेराइनच्या पाच टॉर्च आहेत. टॉर्चचा निळसर गोल भिंतीवर पडला की एक शिंपला दिसायचा, पुढे सरकला की तो जायचा आणि दुसरा दिसायचा. पोलीस एकेका शिंपल्याची चौकशी करताहेत असं वाटत होतं.

गोल समुद्रदेवावर आला. मीराबाईंनी त्याला नीट पाहून घेतलं.

"हे कोण रे?"

"समुद्राचा देव आहे, आई. इथल्या जुन्या लोकांचा."

"समुद्र कुठाय इथं?"

"नाही."

"बरं," मीराबाई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले नाहीत, पण परक्या घरातल्या वडीलधाऱ्याकडे बघून मान हलवतात तशी हलवली. फुलं हातात होती, ती त्यांनी शेजारच्या फ्राउ डॉक्टर हिलंब्रांटना दिली. फुलं, कागद, पेन आणि टॉर्च एवढं सगळं सांभाळताना बाईंची पंचाईत झाली, पण त्यांनी ती खाली ठेवली नाहीत.

राजानंदनं सुरुवात केली. मुद्दा एक, ग्राफचं नाव आणि घराणं. मुद्दा दोन, बांधकामाची वर्षं. आवाज बरोबर होता, क्रम बरोबर होता, आणि आमच्यातल्या प्रत्येकाला समोर चौदा पानं दिसत होती. तिसऱ्या मुद्द्याला छत यायचं होतं. छतावर खऱ्या गुहेतल्या दगडी झुंबरांसारखी नकली झुंबरं आहेत, त्याला जर्मनमध्ये अठ्ठावीस अक्षरांचा एक शब्द आहे. राजानंदनं टॉर्च वर केली, तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही.

आपण शब्द शोधत असलो की जर्मन माणसं मदत करत नाहीत. त्यांना ते उद्धटपणाचं वाटतं. ती अदबीनं थांबतात. तिघं जर्मन, फ्राउ डॉक्टर आणि हेर ऑक्स अदबीनं थांबले. आम्हाला तो शब्द येत नव्हता म्हणून आम्हीही थांबलो. सत्यजितनं घाबरून आपला पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, पण तो नवव्या मुद्द्यावरचा होता. राजानंदची टॉर्च छतावर एका काळ्या डागावर थांबली होती. अंधारातही मला कळत होतं की त्याला काय वाटतंय. तिसऱ्यांदा बसता येत नाही.

तेव्हा मीराबाई बोलल्या. घरात बोलतात तशाच, आवाज न चढवता.

"राजा, आधी उजेड तर आण. दिसल्याबिगर काय सांगशील लोकांना?"

"आई, दिवे चालत नाहीत इथं."

"दिवे कोण म्हणतंय. उजेड म्हणते मी. बाहेर एवढा पडलाय की."

फ्राउ डॉक्टर हिलंब्रांटनी विचारलं, आई काय म्हणताहेत? राजानंदनं भाषांतर केलं. "आई म्हणते, आपल्याला लिश्ट हवा."

"लिश्ट फरबोटन," हेर ऑक्स दाराशी म्हणाले.

त्यांचंही बरोबर होतं. दिवा म्हटला तरी जर्मनमध्ये लिश्ट आणि उजेड म्हटला तरी लिश्टच. अंधारात राजानंद उभा राहिला, एका भाषेत दोन गोष्टी आणि दुसरीत एकच. मग त्यानं हळूहळू म्हटलं, "टागेसलिश्ट." दिवसाचा उजेड.

हेर ऑक्स विचारात पडले. एकोणीस वर्षांचे सगळे नियम त्यांनी मनात वरून खाली वाचले असावेत. दिवसाबद्दल त्यांत काही नव्हतं.

"आल्झो," ते म्हणाले. म्हणजे बरं, मग?

राजानंदनं यामिनीकडून गाडीची किल्ली घेतली आणि मोज्यांनिशी पार्किंगकडे पळत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात गाडीच्या पुढच्या काचेला उन्हात लावतात तो चंदेरी पडदा होता. डिकीतून आणलेल्या दोन लाकडी फळ्यांना तो त्यानं चाप लावून ताठ केला. खडखडीचा इंजिनिअर असल्यानं चाप त्याच्या खिशात असतात. पडदा धरून तो उन्हात उभा राहिला. पण लगेच त्याच्या लक्षात आलं की बाहेर उभं राहिलं तर आत बोलता येत नाही. वडिलांचा नेमका तोच प्रश्न होता.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. आम्ही आत होतो. बाहेर एकटे हेर ऑक्स होते.

हेर ऑक्सनी पडदा हातात घेतला.

पहिल्यांदा ऊन तळ्यात गेलं. मग दारावर. मग एकदम आत घुसलं आणि सायकलवाल्याच्या डोळ्यांवर आलं.

"खाली," मीराबाई आतून म्हणाल्या, मराठीत. ऊन खाली आलं. "अजून. हां. उजवीकडं. अरे, तुझ्या उजवीकडं." मीराबाईंची उजवी कोणती आणि हेर ऑक्सची कोणती हा प्रश्न दोन्ही भाषांत न सुटणारा आहे, पण ऊन उजवीकडे आलं. आता समुद्रदेवाच्या पोटावर एक झगझगीत पट्टा पडला होता, बाकी सगळं पहिल्यापेक्षा काळं.

"असं नाही," मीराबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांच्या लेण्यात आत पांढरं धरायचे."

पांढरं कापड कुणाकडेच नव्हतं. घरमालकानं रुमाल काढला, तो चौकड्यांचा होता. मीराबाई पुढे गेल्या. झगझगीत पट्ट्यासमोर त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, म्हणजे आमच्याकडे पाठ आणि उन्हाकडेही पाठ, पदर दोन्ही हातांनी पाठीमागून उघडून धरला, जसा थंडीत शाल ओढून घेताना धरतात. ऊन पदरावर पडलं.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण उजेड आला त्याला आवाज नव्हता आणि दिशाही नव्हती. तो पायापासून वर चढला. आधी गोट्यांची नक्षी दिसली, ते कमळासारखं काहीतरी होतं. मग भिंतीवरचे शिंपले, एकेक नव्हे, सगळे, ओळीनं, लाटांसारखे. मग छत. छतातले आरशाचे तुकडे पेटल्यासारखे दिसायला लागले आणि पदराच्या हालचालीबरोबर हलायला लागले. ज्या काळ्या डागावर राजानंदची टॉर्च अडकली होती तो डाग नव्हताच. ती निळी काच होती, काचभट्टीतून निघालेली, मुठीएवढी. आभाळ म्हणून लावली असावी.

मग राजानंद बोलायला लागला. पानं त्याच्या खिशातच राहिली.

त्यानं साध्या जर्मनमध्ये सांगितलं, पहिलीतल्या मुलाच्या वाक्यांसारखं. "ही माझी आई आहे. माझे वडील भारतात एका गुहेवर कामाला होते. ती दोन हजार वर्षांची आहे, ही अडीचशे. ते असा उजेड आणायचे. बोलायचे दुसरे लोक. ज्यानं ही गुहा बांधली, त्याच्याकडे टॉर्च नव्हती. त्यानं हे सगळं आरशासाठी आणि उन्हासाठी लावलं. आपण आज तेच बघतोय." मग तो म्हणाला, "आणि कृपया हात लावू नका."

मग ढग आला. सगळं विझलं. बाहेरून हेर ऑक्सचा आवाज आला, "वोल्कं." ढग. आम्ही अंधारात मोज्यांवर उभे राहिलो. कुणी टॉर्च लावली नाही. दोन मिनिटांनी ऊन परत आलं आणि घरमालकाच्या बायकोच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, जो राजानंदच्या कुठल्याच अहवालात नसेल.

"हात दुखले माझे," मीराबाई म्हणाल्या, तेव्हा दौरा संपला.

बाहेर बाकावर फ्राउ डॉक्टर हिलंब्रांट कागद घेऊन बसल्या. राजानंद समोर उभा राहिला. मी बुटांच्या नाड्या बांधत जवळच होतो, अंमळ सावकाश.

"हेर हिवराले," त्या म्हणाल्या, "तेवीस सक्तीचे मुद्दे आहेत. तुम्ही चार घेतले. ग्राफ, वर्ष, ही कशासाठी बांधली, आणि हात लावू नका."

"जा," राजानंद म्हणाला. म्हणजे हो.

"नियमाप्रमाणे हे पुरेसं नाही."

"जा."

तेवढ्यात हेर ऑक्स तिथे आले. चंदेरी पडद्याची त्यांनी व्यवस्थित घडी घातली होती. दरम्यान, आम्ही बाहेर आल्यावर, तो उजेड बघायला ते स्वतः आत गेले होते, आणि यामिनीनं बाहेरून पडदा धरला होता. मीराबाई परत पदर धरून उभ्या राहिल्या होत्या, हात दुखत असताना. हेर ऑक्सच्या पायात बूट नव्हते. त्यांनी फ्राउ डॉक्टरना सांगितलं की ते एकोणीस वर्षं या गुहेची जमीन झाडताहेत, आणि छत त्यांनी आज पाहिलं. मग म्हणाले, उरलेले एकोणीस मुद्दे छापून बाहेर लावा. ज्याला वाचता येतं तो वाचेल.

हेर ऑक्सना इतकी वाक्यं एकापाठोपाठ बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. फ्राउ डॉक्टरनी पेन उचललं, थोडा विचार केला, आणि निकालाच्या चौकटीत तीन शब्द लिहिले. तो कागद राजानंदकडे अजून आहे, मी वाचलाय. 'बेश्टांडन, बाय ज़ोनन्शाइन.' उत्तीर्ण, ऊन असल्यास.

जर्मनीत असं लायसन मिळणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. नोव्हेंबर ते मार्च त्याचा काही उपयोग नाही. एप्रिलमध्ये भरवसा नाही. तरी त्या ऑक्टोबरमध्ये राजानंदनं पाच दौरे केले आणि त्यातल्या दोनांत लोक अर्धा अर्धा तास बाकावर बसून ढग सरकायची वाट बघत होते. कुणी कॉफीला गेलं नाही.

पांढऱ्या कापडाचा प्रश्न निघाला होता. मीराबाई ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत जाणार होत्या. राजानंद भीतभीत म्हणाला, "आई, ती साडी इथं ठेवतेस का?"

"ती विहाराची आहे," मीराबाई म्हणाल्या. "तुझ्या लेण्याला चादर बघ." हेर ऑक्सच्या बायकोनं एक जुनी पांढरी चादर दिली. राजानंदनं तिला दोन्हीकडून काठ्या शिवून घेतल्या आणि फेराइनसाठी सात पानांची सूचनापत्रिका लिहिली. त्यात चादरीचा कोन, काठ्यांची उंची आणि ढगाच्या वेळी काय करावं, सगळं आहे. शेवटच्या ओळीत लिहिलंय की चादर ताणून धरल्यावर फडफडता कामा नये.

मीराबाई जाण्याच्या आदल्या शनिवारी हेर ऑक्सनी कमरेची किल्ली काढली. त्यांचे गुडघे आता साथ देत नव्हते, आणि पडदा धरायला उभं राहावं लागतं, स्टुलावर बसून चालत नाही. तळव्याएवढी लांब लोखंडी किल्ली होती, वरचा भाग झिजून गुळगुळीत झालेला. राजानंदनं तीन ठिकाणी सह्या केल्या. किल्ली मीराबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी करून पाहिली, वजन घेतलं.

"तुझ्या बाबांची याहून लहान होती," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "यात तुला पगार काय?"

"पगार नसतो, आई. एरेनआम्ट आहे. मानाचं."

"म्हणजे फुकट."

"हो."

मीराबाईंनी किल्ली परत दिली.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांना निदान सरकारी सायकल होती. पण त्यांना बोलू देत नव्हते."